महागातली दोरी

वैशाखात लालबागेत वर्षाचा मसाला कुटायला सुरुवात झाली, की आमच्या गल्लीत दुपारचा साधा श्वास घेणंसुद्धा धाडसाचं होऊन बसतं. भाजलेल्या धण्यांचा, दगडफुलाचा, लवंगेचा वास आधी एका उष्ण लाटेसारखा जिना चढून वर येतो, आणि त्याच्या पाठोपाठ मिरचीचा खकाणा असा काही उसळतो, की तिन्ही मजले शिंकू लागतात, खिडक्या धडाधड मिटतात, आणि कांडपवाल्यांचा उद्धार करत बायका पदर नाकाला लावतात. या वर्षी मात्र मी त्या खकाण्याची वाट पाहत बसायचो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं असायचं, दाराआड माझा मुलगा निखिल भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा, आणि अख्ख्या दिवसात त्या दारातून जिवंतपणाची एक खूण बाहेर येत नसे. खकाणा उठला, की आतून दोन शिंका यायच्या. लागोपाठ दोन, लहानपणापासून त्याला दोनच येतात. त्या कानावर पडल्या, की मी वर्तमानपत्राचं पान उलटायचो.

निखिल सव्वीस वर्षांचा आहे. आमचं एकुलतं, उशिरा झालेलं पोर. गेल्या श्रावणात त्यानं स्वतःला संपवायचा प्रयत्न केला. हे एवढं वाक्य लिहायला मला नऊ महिने लागले, पण आज आडपडदा ठेवायची ताकद माझ्यात नाही. इस्पितळातून त्याला घरी आणलं त्या दिवशी मी आतल्या दाराची कडी उपटून काढली, आणि सुनंदानं, माझ्या बायकोनं, एक अक्षर न बोलता घरातली प्रत्येक दोरी नाहीशी केली. वलणी गेली, पडद्याची दोरी गेली, रद्दी बांधायची सुतळी गेली. ओले कपडे ती खुर्च्यांच्या पाठींवर पसरू लागली, आणि शेजारच्या मांजरेकर काकूंनी विचारलं तेव्हा, “वलणी तुटली हो, यांना लावायला सवड कुठे?” असं म्हणून तिनं माझ्यावर ढकललं. सवड कसली नाही मला? निवृत्त माणूस! दिवसभर त्या दाराकडे बघत बसण्यापलीकडे मला दुसरं काम नव्हतं.

निखिलच्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. गोळ्या चालू आहेत, दर पंधरवड्याला तो मान खाली घालून आमच्याबरोबर जातो, मान खाली घालून परत येतो. वेळ द्या, असं त्या सांगतात. वेळ देतोच आहोत. पण वेळ देणं म्हणजे काय असतं, हे जो आपल्या पोराच्या श्वासांवर कान ठेवून जेवतो त्यालाच विचारावं. मला या काळात त्याचा रागही यायचा. हो, राग. ताट तसंच परत आलं, की वाटायचं, आत जाऊन गदागदा हलवावं आणि विचारावं, बाबा रे, आम्ही कुठे कमी पडलो? आणि मग त्या रागाची लाज वाटून मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो.

अशात गेल्या सोमवारी माझ्या फोनवर त्याचा निरोप आला. तो आत, मी बाहेर, मध्ये एक बिनकडीचं दार. “बाबा, ही दोरी मिळाली तर हवी होती. महाग आहे. दुसरी स्वस्त आहे, तीही चालेल.” खाली दोन चित्रं होती. फ्लाय फिशिंग नावाचा एक प्रकार असतो, पिसांचा खोटा किडा दोरीच्या टोकाला बांधून, ती दोरी हवेत मागेपुढे लहरवत वाहत्या पाण्यावर अलगद टाकायची आणि मासा फसवायचा. कॉलेजात असताना निखिल मित्रांबरोबर माहीमच्या खाडीशी साधं नायलॉनचं तंगूस घेऊन गळ टाकायला जायचा, दोन शिंगाळ्या पिशवीत घालून विजयी मुद्रेनं घरी यायचा. पुढे परदेशातल्या निळ्या-हिरव्या नद्यांची चित्रफीत बघून त्याला या प्रकाराचं वेड लागलं, आणि पहिल्या पगारात त्यानं त्यासाठीची लांबच लांब, लवचीक काठी आणि रीळ घेतलं. दोरी घ्यायची राहिली. काठी कपाटामागे धूळ खात उभी होती, नऊ महिने आम्ही तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

तो निरोप मी किती वेळा वाचला असेन! ‘हवी होती’ या दोन शब्दांवर आधी डोळे भरले, आणि ‘तीही चालेल’शी मी अडलो. या पोरानं काय म्हणून स्वतःसाठी ‘चालेल’ म्हणावं? आणि त्यानंतर, सावकाश, दोरी हा शब्द मला दिसला. मी फोन सुनंदापुढे धरला. तिनं वाचलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

“दोरी? आपल्या घरात?” ती म्हणाली.

आम्ही दोघं जिन्यात जाऊन भांडलो, कारण घरात भांडायची सोय नव्हती. शेवटी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, त्यानं काही मागितलं ही चांगली गोष्ट आहे, आणून द्या, पण त्याला एकटं सोडू नका, त्याच्याजवळ बसा, आणि तुम्हाला भीती वाटते हे त्याला सांगायला हरकत नाही. शेवटचं वाक्य मी सोयीस्करपणे विसरलो. सुनंदानं डोळे पुसले आणि म्हणाली, “आणा. मी बसेन त्याच्यासमोर. दिवसभर बसेन.”

मस्जिद बंदरच्या एका चिंचोळ्या गल्लीत, दोरखंड आणि ताडपत्र्यांच्या दुकानांमध्ये, गळ-काठ्यांचं एक जुनं दुकान आहे. दारातच डांबराचा, तागाचा, खारवलेल्या लाकडाचा वास. मी दोन्ही चित्रं दाखवली आणि सरळ विचारलं, एवढे पैसे टाकावेत असं त्या महागड्या दोरीत आहे तरी काय? माझ्या दोन महिन्यांच्या औषधांची किंमत होती तिची, आणि शेजारच्या स्वस्त दोरीची जेमतेम दोन दिवसांच्या. दुकानदार म्हातारा होता, घाई नसलेला. तो म्हणाला, “अंकल, इसमें काँटे का वजन नहीं होता. फेंकने का वजन लाइन में ही है.” मग स्वस्त दोरी सोडून त्यानं लाकडी फळीवर टाकली, ती वेटोळी-वेटोळी होऊन पडून राहिली. “सस्ती को याद रहता है. जैसी लपेटी थी, वैसी ही पानी पे गिरेगी. ये महँगीवाली भूल जाती है.”

मी वेड्यासारखं पुन्हा विचारलं, “भूल जाती है?”

“हाँ. सीधी जाती है.”

बस्स, मी पैसे काढले. हौशी लोक या विषयावर तासन्‌तास वाद घालत असतील. त्यांना चुकीचं ठरायची चैन परवडते. माझ्या डोक्यात त्या क्षणी एकच हिशेब चालू होता, आणि तो सांगण्यासारखा नाही. स्वस्तातली नेली, आणि पुढे काही वेडंवाकडं झालं, तर मी आयुष्यभर त्या वाचलेल्या पैशांचं तोंड कसं पाहणार होतो?

आता माझा गाढवपणा. मी मूळचा गिरणीतला, वाइंडिंग खात्यातला. गिरणी बंद पडल्यावर दादरच्या एका ग्रंथालयात शिपाई झालो, पुस्तकं झाडता झाडता वाचायला लागलो, त्यांच्यामुळे भाषा बदलली. पण बोटं गिरणीचीच राहिली. वाइंडिंगमध्ये बावीस वर्षं मी एकच काम केलं. कोनावर, म्हणजे शंकूसारख्या रिळावर, गुंडाळलं जाणारं सूत चिमटीतून जाऊ द्यायचं, कुठे जाड लागलं, कुठे बारीक लागलं, की तेवढा भाग तोडून फेकायचा आणि दोन टोकं अशा गाठीनं सांधायची, की मागावर ती गाठ कुणाला सापडू नये. सूत एकसारखं म्हणजे माल खरा. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी कळायचं आम्हाला.

आज शनिवार. सकाळी सुनंदा बाजारात गेली होती, निखिल आत झोपला होता, आणि गॅलरीत कोवळं ऊन आलं होतं. मी पाकीट उघडलं. गुळगुळीत, फिक्या पिवळ्या रंगाची ती दोरी सवयीनं चिमटीत घेतली आणि ओढू लागलो. टोकाला बारीक, त्याला कारखान्यातच केलेली इवलीशी कडी. मग ती जाड होत गेली, चांगली आठ-दहा मीटर जाड राहिली, आणि पुन्हा बारीक होऊन शेवटपर्यंत अगदी एकसारखी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी किंमत घेऊन सदोष माल? पोरानं नऊ महिन्यांनी मागितलेली एक वस्तू, तीही खोटी? दुकानात परत जाऊन भांडावं, तर बदलून मिळेपर्यंत आणखी दोन दिवस जातील, आणि तो म्हणेल, ‘राहू दे.’ त्या ‘राहू दे’ची मला अशी धास्ती वाटली, की मी कात्री आणली, मधला तो सगळा जाड भाग कापून काढला, आणि कडीचं टोक उरलेल्या एकसारख्या दोरीला माझ्या जुन्या गाठीनं सांधलं. गाठ इतकी सुबक बसली, की मी स्वतःवरच खूश झालो. काढलेल्या जाड भागाचे मी बोट-बोटभर तुकडे केले, कागदात गुंडाळले, आणि कचरा न्यायला आलेल्या बाईच्या डब्यात टाकले.

अकराच्या सुमारास निखिल उठला. मी पाकीट त्याच्या हातात दिलं. सुनंदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी. त्यानं दोरी सोडली, बोटांनी चाचपली, एकदा, दोनदा, आणि तो थांबला.

“ही कापली कोणी?”

“सदोष होती रे,” मी उत्साहानं म्हणालो, “एके ठिकाणी जाड, एके ठिकाणी बारीक. मी सरळ करून दिली.”

आणि तो ओरडला. अहो, काय ओरडला! “बाबा, टेपर होता तो, मुद्दाम जाड-बारीक केलेला! वजन असतं तिथे! तेवढ्याचेच पैसे असतात, सगळे पैसे तेवढ्याचेच, उरलेली नुसती दोरी आहे! न विचारता हात कसा लावलात? माझी वस्तू होती ना ती?” मांजरेकर काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, सुनंदानं त्यांना हातानंच परत पाठवलं. तो लाल झाला होता, त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि मी, बापाचा एवढा उद्धार होत असताना, डोळ्यांतलं पाणी लपवत मनात म्हणत होतो, भांड, माझ्या राजा, आणखी भांड. नऊ महिन्यांत मी त्याचा एवढा आवाज ऐकला नव्हता.

“तो तुकडा कुठाय? द्या इकडे. जोडता येतो का बघू.”

“नाही आता. टाकला. बारीक तुकडे करून.”

“तुकडे?” त्याचा आवाज खाली आला. “तुकडे कशाला केलेत, बाबा?”

खुर्चीच्या पाठीवर सुनंदाची ओली साडी होती, तिचं पाणी लादीवर ठिबकत होतं, आणि निखिल त्या साडीकडे पाहत राहिला, मग छताकडे, जिथे पूर्वी वलणी होती. त्याला सगळं कळत होतं. मला वाटतं, पहिल्या दिवसापासून कळत होतं, आणि आमच्या त्या मुक्या बंदोबस्तात तो मुकाट्यानं राहत होता.

“भीती वाटते रे,” मी म्हणालो. “फार भीती वाटते.”

तो खाली बसला. त्यानं दोन्ही हातांत तोंड धरलं. मग म्हणाला, “मलापण वाटते.” सुनंदा पुढे होऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली, आणि या वेळी त्यानं डोकं बाजूला घेतलं नाही.

साडेअकराला त्यानं शर्ट बदलला. नऊ महिन्यांनी पहिल्यांदा, एकटा, बाहेर जायला. “मी घेऊन येतो दुसरी. माझ्याकडे आहेत पैसे,” म्हणाला. मी येऊ का विचारलं, तर नको. स्वस्तातली बघतोस का, असं माझ्या तोंडून उगाच निघून गेलं, त्यावर चपला घालता घालता तो म्हणाला, “नको. तीच हवी आहे मला.” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, एकटं सोडू नका. माझा पाय उंबऱ्याबाहेर पडलाही होता, पण त्यानं जिन्यातून वळून माझ्याकडे असं पाहिलं, की तो पाय मी मागे घेतला. बरोबर केलं की घोडचूक केली, ते मला ठाऊक नाही. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या तपासणीत आहेत. निरोप ठेवला आहे.

आता सव्वापाच वाजले आहेत. फोन तो घरीच विसरला, चार्जिंगला लावलेला इथे माझ्यासमोर आहे. दुकानात जाऊन यायला दीड तास पुरे. दुपारपासून दुकानात मी दोनदा फोन करून पाहिला, कोणी उचलत नाही; जेवायची सुट्टी असेल, गर्दी असेल, लायनी तुटल्या असतील. साडेपाचला मी निघणार आहे, तोवर पाय जागेवर राहावेत म्हणून हे लिहीत बसलो आहे. उन्हाची पट्टी लादीवरून भिंतीवर चढली. जिन्यात पावलं वाजतात, दुसऱ्या मजल्यावर थांबतात, दुसऱ्याच कुणाचं तरी दार उघडतं. नऊ महिने दाराआडचा प्रत्येक श्वास मोजून मी त्याला जगवतो आहे अशी माझी समजूत होती. त्यातलं खरंच माझ्या हातात किती होतं, ते आज दुपारभर या खुर्चीत बसून कळतं आहे, आणि ते कळणं सोसवत नाही.

सुनंदा आतून विचारते आहे, चहा किती जणांचा टाकू?

“तीन,” मी म्हणालो, आणि तिनं पातेल्यात तीन कप पाणी मोजून ओतलं.