चार इंजेक्टर आणि एक निरांजन

जुन्या गाडीचे, इंजिनात पेट्रोल सोडणारे इंजेक्टर नवे टाकायचे की नुसती त्यांची सीलं बदलायची, यावरून आमच्या घरात आठवडाभर रोज जेवणं थंड होत होती. गाडी माझ्या लग्नाआधीची. सकाळी सुरू होताना खोकायची आणि कधीमधी पेट्रोलचा वास सोडायची. मदन महल भागातल्या मेकॅनिकनं मला सांगितलं होतं, "दीदी, इंजेक्टर तो अभी ठीक हैं, उनकी रबर की सील कड़क हो गई हैं. सील बदल लो, या चारों नए डलवा लो. आपकी मर्ज़ी."

मर्जी माझी असती तर नवेच आले असते. त्याच गाडीतून बाबा आईला दर पौर्णिमेला बरगीला नदीवर घेऊन जातात, आणि माझा जीव टांगणीला लागतो. पण बाबांची सगळी नोकरी संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागात गेलेली. त्यांनी 'पास' म्हटल्याशिवाय तिथे माल हलत नसे. घरात अजूनही हलत नाही.

"चांगले इंजेक्टर फेकून काहून द्यायचे?" ते म्हणाले. "सीलं मीच बसवतो. चलो, विषय संपला."

विषय अर्थातच संपला. मी खालच्या मजल्यावर वाद घालून हरते आणि वरच्या मजल्यावर माझ्या घरी जाऊन चरफडते, ही आमची रीतच आहे.

रविवारी बाबा विजय नगरच्या आमच्या पोर्चमध्ये चादर अंथरून बसले. चारपैकी एक सील, म्हणजे रबरी कडी, बसवताना चिरली. दुकानं बंद. मग त्यांनी पाण्याच्या फिल्टरच्या सामानातली तेवढ्याच मापाची कडी काढून बसवून टाकली. माप बरोबर होतं; ते रबर पेट्रोलसाठी नव्हतं. हे सगळं मला मागाहून कळलं.

संध्याकाळी गाडी सुरू झालेली ऐकली. खोकली नाही. वरून डोकावले तर बाबा इंजिनवर वाकलेले. त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास ओढला आणि जाहीर केलं, "पास!"

आता, आमच्याकडे गाडीचं कसलंही काम झालं की आई तिला ओवाळते. पंक्चर काढलं तरी ओवाळते. कुंकू, अक्षता, निरांजन आणि वर कापूर. त्याशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नाही. मीही प्रसादाच्या आशेनं खाली निघाले आणि जिन्यातच पेट्रोलचा असा भपकारा आला की डोळे चुरचुरले.

पोर्चमध्ये बोनेट उघडं, इंजिन सुरू. बाबा इंजिनपाशी हात जोडून उभे, चेहरा प्रसन्न. आणि आई पेटलेला कापूर घेऊन दारातून येत होती.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आईचा दंड धरून तिला तबकासकट ओढत फाटकाबाहेर नेलं, परत येऊन गाडी बंद केली, बाबांना मागे खेचलं. इंजेक्टरच्या बुडाशी पेट्रोलचं थारोळं साचलं होतं. बाबांवर मला भयंकर राग आला होता.

"बाबा, एवढा वास सुटलाय, तुम्हाला कळत नाही?"

"कसला वास?"

ते थट्टा करत नव्हते. मी तिथलं भिजलेलं फडकं उचलून त्यांच्या नाकाशी धरलं. त्यांनी शहाण्या मुलासारखा वास घेऊन पाहिला. पुन्हा घेतला. मग मान खाली घातली.

"नाही येत."

"कधीपासून?"

"तो ताप आला होता ना मोठा, तेव्हापासून. येईल म्हटलं परत."

त्या तापाला काही वर्षं झाली. सकाळचा चहा हेच करतात. घरातला गॅस सगळ्यात आधी हेच पेटवतात. आठवडाभर मी रबराच्या कड्यांवरून भांडत होते, आणि हा माणूस रोज आमच्यासमोर बसून जेवत होता.

"चारही नवे टाकून घे," बाबा खालच्या आवाजात म्हणाले. "त्या मेकॅनिककडूनच." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी वादात जिंकले होते, आणि मला रडू येत होतं.

आई फाटकातून आत आली. कापूर विझला होता. तिनं पेट्रोलकडे पाहिलंच नाही.

"अहो, मग रोज जेवायच्या आधी तुम्ही 'वा, काय फोडणीचा वास सुटून राहिला' म्हणता, ते?"

बाबा फडक्याची घडी घालत राहिले.

"फोडणीचा आवाज येतो ना," ते म्हणाले.