शेजारच्यावर एक खरं वाक्य

बशीर गेला.

दुपारी कबरस्तानात मिट्टी देऊन आलो. मी सांगतोय, नात इथं ग्रुपवर टाइप करतेय. ती मध्येच रडते, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

निजामाच्या राज्यात आमची शाळा उर्दू मीडियमची. मी कन्नड तालुक्यातल्या खेड्यातून आलेलो. उर्दूत ढ, आणि इंग्रजी तर लांबच राहिलं.

मास्टरसाब फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहायचे, खाली उर्दू मायना, म्हणजे अर्थ. मग प्रत्येकानं त्या शब्दाचं वाक्य, त्यांच्या भाषेत जुमला, करायचं. वाक्य शेजारी बसलेल्या पोरावर हवं आणि खरं हवं.

माझ्या शेजारी बशीर. मायना तोच कानात सांगायचा आणि वाक्यही त्याच्यावरच व्हायचं.

"बशीर इज ऑनेस्ट."

"बशीर शेअर्स हिज ब्रेड."

एकदा 'ग्रीडी' शब्द आला. हा पठ्ठ्या उभा राहून म्हणाला, "नारायण इज ग्रीडी." त्याची बोरं मीच संपवायचो, नाही कशाला म्हणू! अख्खा वर्ग हसला. मी फुगून बसलो.

"मैं क्या करूं यार, मास्टरसाब कू सच्चा जुमला होना!"

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. शाळा बंद पडली. पुन्हा उघडली त्या सकाळी वडील म्हणाले, "आता त्या पोराजवळ बसायचं नाय. लोक बघायलेत."

वर्गात गेलो तर बशीर सरकून बसलेला. माझी जागा करून.

मी मागच्या बाकावर गेलो.

त्या दिवशीचा शब्द होता 'वेट'. वाट पाहणे. बशीरची पाळी आली तेव्हा मास्टरसाब हळूच म्हणाले, "तू रहने दे बेटा, तेरे बाजू कोई नहीं."

तरी तो उभा राहिला.

"आय वेट फॉर नारायण."

मी मान वर केली नाही. वर्ष संपेपर्यंत त्या बाकावर गेलो नाही.

पुढं दोस्ती जुळली, तीही त्यानंच जुळवली. नोकऱ्या, लग्नं, क्रांती चौकातला चहा, सगळं सोबत झालं. त्या दिवसाचा विषय काढायची माझी छाती झाली नाही.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून काढला. "बशीर, शाळेत त्या दिवशी मी..."

"कौनसे दिन? भूल गया मैं. तू चाय पिया क्या?"

शाळेतली सगळी वाक्यं ज्याला तोंडपाठ, तो हे एकच विसरेल? माझी मान खाली गेलेली त्याला बघवली नसती, एवढंच. आणि मी भित्रा. गुमान चहा प्यालो.

आज कबरीपाशीही तोंड उघडलं नाही. म्हणून इथं, सगळ्यांदेखत.

बशीर, त्या दिवशी मी घाबरलो. वडिलांचं नाव पुढं करत नाही. पाय माझेच होते.

चुकलं माझं. माफ कर.

खुदा हाफिज, दोस्ता.