काटा चार हजारांवर

आमच्या बाबांचे कान असे, की अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बसून ते समुद्रात सात कोस लांब गेलेल्या बोटीचा कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगत. थोडं वाढवून सांगतोय, सहा कोस धरा. तीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर मशीन सांभाळलेला माणूस. मशीन जितकं हळू चालेल तितकं जास्त जगतं, हे त्यांचं शास्त्र. आणि अशा माणसाच्या अंगणात माझ्या मोठ्या भावाने आखातातून जहाजात घालून एक स्पोर्ट्स कार आणून उभी केली.

लालभडक. पुढचे दरवाजे सरळ उघडणारे, मागचे कपाटासारखे उलटे. ती आली त्या दिवशी कळंबपर्यंतच्या कोंबड्यांनी अंडी द्यायचं थांबवलं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो. बॉनेटखाली रोटरी इंजिन.

"बाबा, हिच्यात पिस्टन नाहीच," भाऊ सांगायला लागला. "आत तिकोनी तुकडे गरागरा फिरतात."

"पिस्टन नाय? मंग मशीन हाय का मसाल्याची चक्की?"

चक्कीची जबाबदारी बाबांवर टाकून भाऊ पुन्हा परदेशी गेला. जाताना एवढंच म्हणाला, "बाबा, माझा जीव आहे हिच्यात. बघ जरा."

बाबांनी बघितलं! पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात. तेव्हा खाऱ्या हवेने मशीन जाम होऊ नये म्हणून रोज सकाळी ते दोन मिनिटं चालू करायचं आणि बंद करायचं, ही आमची रीत. बाबांनी गाडीला तीच लावली. चहाआधी अंगणात यायचे, बॉनेटला हात लावून कपाळाला लावायचे, दोन मिनिटं गाडी चालू, मग बंद. एक दिवस खाडा नाही. रविवारी मी तिला हायवेवर काढायचो, तर शेजारी बसून, इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्यावर डोळा ठेवून हुकूम, "वरच्या गियरमंदी टाक. काटा दीड हजाराच्या वर गेला तर उतरून चालत जाईन." ताशी चाळीसने आम्ही जायचो. गवताचे भारे लादलेले टेम्पो ओलांडून जायचे, आणि त्यातलं गवत खाणाऱ्या म्हशी आमच्याकडे दयेने बघायच्या.

भाऊ सुट्टीवर यायला दहा दिवस राहिले आणि एका सकाळी गाडी चालूच होईना. स्टार्टर फिरतोय, पेट्रोलचा वास सुटलाय, पण गाडी थंड. त्या दुपारी बाबांनी तळलेल्या बोंबलाला नको म्हटलं. मी घाबरलो तो तेव्हा. माझ्या जन्मापासून त्यांनी बोंबलाला नको म्हटलेलं नव्हतं.

"त्याला बोलू नको," एवढंच म्हणाले. "पोरगा काय म्हनंल? तीस वर्सं मशीन राखलं नि माझी येक गाडी नाय राखली?"

वसई फाट्यावरचा मेकॅनिक आला, चारही प्लग काढून त्याने हुंगले. "काका, रोज चालू करून लगेच बंद करायचात?"

"व्हय. दोन मिन्टं. नेमानं."

"तिथेच गेम झाला. थंड असताना बंद केली की पेट्रोल आत साचतं. आणि कमी आरपीएमवर चालवून आत काजळी धरलीय. ही रेंगाळायला बनवलेली नाही, काका. हायवेला चार हजारांवर धरा, बिनधास्त."

प्लग सुकवून, नवी बॅटरी टाकून त्याने गाडी उठवली. एवढा पांढरा धूर निघाला की शेजारची बाई वाळत घातलेली सुकट उचलून पळाली.

मग विरार फाट्यावरून मनोरकडे आम्ही दोघं. चौथा गियर, ताशी नव्वद, काटा चार हजार. बाबांनी डॅशबोर्डवर तळहात दाबून धरला होता, बोटीत मशीनच्या पेटीवर धरायचे तसा. आज बाबा नाहीत, आणि त्या रस्त्याने गेलो की मला आधी तो हात दिसतो, खारवलेला, जाळ्याच्या दोरीने चिरलेला.

"कमी कर रे! फुटंल!"

"नाही फुटत."

"मंग मी फुटंन!"

मी कमी केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा बाबांचं ऐकलं नाही, असं लिहिणार होतो. पण माझी आई वरून ऐकत असेल. दहाएक मिनिटांनी ते गप्प झाले. हात तसाच. मग हळूच म्हणाले, "थरथर नाय रे हिला. चार हजारला थरथर नाय. बोटीला असलं मशीन असतं तर माझी कंबर राह्यली असती."

मनोरला चहा घेताना त्यांनी दोन बटाटेवडे खाल्ले. पण घरी येईपर्यंत एकच घोकत होते, त्याला बोलू नको.

ठरल्या दिवशी भाऊ दुपारच्या विमानाने उतरला, आम्ही गाडी घेऊन विमानतळावर. चावी त्यानेच घेतली. बाबा मागच्या सीटवर, गुडघे हनुवटीला टेकलेले. खाडीचा पूल ओलांडला, रस्ता मोकळा झाला, तरी भाऊ बाबांच्या धाकाने काटा दोन हजारांखाली ठेवून चाललेला.

"वोढ," मागून आवाज आला. "चार हजारवर ठेव."

भावाने आरशात पाहिलं. "बाबा, तूच तर हळू चालव म्हणायचास."

"चुकलो हुतो. रोज चालू-बंद करून मीच मारलेली तिला. मेकॅनिकनं उठवली, ह्यानं पळवली."

आमच्या घरात 'चुकलो' हा शब्द बाबांच्या तोंडून भिंतींनीही ऐकला नव्हता. भावाने गियर खाली घेतला, काटा चढला, गाडी गुणगुणायला लागली. वसई फाटा मागे गेल्यावर मी वळून पाहिलं. चालत्या मशीनजवळ कधी डोळा न मिटणारा तो माणूस तोंड उघडं टाकून घोरत होता.