हळदीसारखं पिवळं

जतहून सांगलीला येताना एसटीत माझ्या शेजारी एक पोरगी बसली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं. काळ्या फडक्यात गुंडाळलेली बाटली ती तान्ह्या बाळासारखी मांडीवर सांभाळत होती. मधेच फडकं जरा सारून बघायची. आत पिवळंधमक पाणी.

"हळद का गं?" सांगलीला निघालेलं पिवळं म्हणजे हळदच, एवढीच माझी अक्कल.

"न्हाई आज्जी, यीस्ट हाय. लोखंड कमी पडलं की ह्या पेशी बी-टू जीवनसत्त्व लय बनवत्यात, हे पिवळं तेच. आज सांगलीत मोजायचंय. ऊन लागलं तर ते मोडतं, मग सगळी मेहनत वाया."

"आन् लोखंड जास्त झालं तर?"

"पेशी आतनं गंजल्यागत हुत्यात. म्हणून त्या आधीच लोखंड घ्यायचं कमी करत्यात."

मला हसूच फुटलं. तिच्या वयात मी नर्सबाईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या दुप्पट ताकदीच्या आशेनं दोन-दोन गिळायचे. आली ती फक्त ओकारी. यीस्ट माझ्यापेक्षा शहाणं निघालं.

"कमी पडलं की जास्त बनवत्यात? मग आपल्या दुष्काळी जतच्याच की गं ह्या!"

तिनं मान ताठ केली. "व्हय, आमच्याच!"

ऊन तिच्या अंगावर आलं, तशी मी खिडकीशी सरकले आणि सांगलीपर्यंत पदर आडवा धरला. उतरताना तिनं फडकं सारून पाहिलं. पिवळं शाबूत होतं.

"हळद काय, आज्जी?" कंडक्टरनं विचारलं.

"हळद कसली? जतचं यीस्ट हाय ते!" मी अशा ऐटीत सांगितलं, जणू मीच वाढवलं होतं.