वाचनबाईंचा खोकला

अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. आळीत सगळे त्यांना वाचनबाईच म्हणत. आवाज असा की, ऐकणाऱ्याचं जेवण पानात निवून जावं. पण यंदा दर तिसऱ्या वाक्याला खोकला आडवा येऊ लागला.

ध्वनिमुद्रणाची खोली घरातलीच, मागची. रस्त्याचा आवाज येतो म्हणून नवऱ्याने चार वर्षांपूर्वी खिडकी फटींसकट बंद करून दिली होती आणि वर एसी बसवला होता. बाई वाचायच्या, खोकायच्या, पाणी प्यायच्या, पुन्हा तेच वाक्य. मग उठून घरभर फेऱ्या.

"अगं, पायाला भिंगरी लागलीय का? बस ना जरा," नवरा म्हणायचा.

"बसले की घसा धरतो."

घशाचे डॉक्टर झाले, छातीचा फोटो झाला, काढे झाले. फोटो स्वच्छ. "वय झालं आता आपलं," असं नवरा बोलून गेला, तेव्हा बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने चहा टाकायला गेला. त्यातच, ज्या संस्थेसाठी त्या वाचायच्या, तिने एक जाडजूड कादंबरी दुसऱ्या कुणाला दिली. "तुम्ही आराम करा," असा निरोप आला. बाईंना तो शब्द विंचवासारखा डसला. आवाजच गेला, तर आपण उरलो काय?

मग थोरल्या बहिणीचं ऑपरेशन झालं, म्हणून त्या आठ दिवस तिच्याकडे राहिल्या. पाचव्या दिवशी बहीण म्हणाली, "तू खोकत नाहीस गं!"

बाई चपापल्या. घरी परतल्या, चपला काढून थेट मागच्या खोलीत बसल्या. दुसऱ्या पानाला खोकला हजर. पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, वीस पानं सलग वाचली. पुन्हा मागे आल्या, आणि या वेळी स्टुलावर चढून एसीला नाक लावलं. ओल्या गोणपाटाचा वास!

एसीवाल्याला त्यांनी दारातच सुनावलं, "जाळी मी दर पंधरा दिवसांनी धुते हं."

"ताई, जाळी म्हणजे नुसता उंबरठा. घाण आत असते." त्याने झाकण काढून बॅटरी मारली. आतल्या लांब पंख्याच्या पात्यापात्यांवर काळी बुरशी साचली होती. पाणी जाणाऱ्या नळीचा उतारच उलटा, त्यामुळे खालची ताटली सदा ओली. "खोलीतली सगळी हवा यावरूनच फिरते."

नवऱ्याने वाकून पात्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "खिडकी मीच बंद केली होती."

"माझ्यासाठीच केलीत ना?" बाई म्हणाल्या, पण त्यांचा हात खिडकीवर होता.

डॉक्टरांनी बुरशीची ॲलर्जी आणि दम्याची सुरुवात सांगितली, पंप दिला. यंत्र उतरवून धुतलं, नळी सरळ केली, खिडकी रोज उघडू लागली. दोन महिन्यांत खोकला बराच हटला. जोरात हसलं की मात्र अजून येतो.

तरी बाईंच्या जिवाला चैन नव्हती. संस्थेतही तशाच पाच बंद खोल्या होत्या आणि तिथे पुस्तकं वाचायला येणारी एकजण सारखी घसा खाकरायची. एका सकाळी त्या एसीवाल्यालाच बरोबर घेऊन तिथे धडकल्या.

"बाई, वाचायला आलात की धाड घालायला?" व्यवस्थापक हसले.

"आधी झाकणं उघडा, मग सांगते."

पाचांपैकी तीन यंत्रं आतून काळी निघाली. त्या दिवशी ध्वनिमुद्रण बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी संस्थेने ती अर्धवट राहिलेली जाडजूड कादंबरी बाईंकडे परत पाठवली, आणि त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली.