पडली म्हणून सांगितलेली बाई

ती बाई अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मी कमी शिकलेला हवालदार, म्हणून सरळ लिहितो. नावं कुणाची घेत नाही.

दुष्काळाचं साल होतं. शहर वाढत होतं, गडीमाणसं शेंद्र्याला कंपनीत नाहीतर बांधकामावर जात. मागं गावात बायका टँकरवर झुंजत. पाचोडच्या बाजारात बंदोबस्ताला असताना बांगड्या भरणारा कासार जवळ आला. म्हणाला, "जमादार, त्या कोपऱ्यातल्या बाईला बघा. दर बाजारी बांगड्या फुटलेल्या. हात धरला की कळवळती."

साहेबांना खबर दिली. नवरा-बायकोला ठाण्यात बोलावलं. सासू न बोलावता आली. बाईला विचारलं की उत्तर नवरा देई.

"टँकरवर पडली साहेब. लई रेटारेटी असती."

"तिला तोंड नाय का?" मी म्हणालो आणि मायलेकाला बाहेर बसवलं.

महिला पोलिसानं चहा दिला. बाईनं कप धरला तेव्हा तळहात दिसले. कुठं खरचटलेलं नव्हतं. पडणारा माणूस आधी हात टेकतो. हिचे वळ कोपराखाली बाहेरच्या अंगाला, मार अडवताना उठतात तसे. गळ्यावर बोटं उमटलेली.

"ताई, टँकर गळा धरत नाय," महिला पोलीस म्हणाली.

तेव्हा ती बोलली. "भाकर करपली तरी मारतो. सासू दाराला कडी घालती."

जबाब लिहून झाला. अंगठा घ्यायचा, तेवढ्यात तिचा भाऊ आला. "आक्के, धाकट्या दोघी बहिणी लग्नाच्या हायेत. एकडाव सांभाळून घे. माहेरी यायचं नाव काढू नको."

तिनं हात मागं घेतला. मला म्हणाली, "मामा, अंगठा दिल्यावर मी निजू कुठं?"

साहेबांनी नवऱ्याला दम भरला आणि सोडलं.

पुढं उन्हाळ्यातच तिच्या पंचनाम्याला गेलो. विहिरीच्या तळाशी पडली होती. "पाणी शेंदायला गेली, पाय घसरला," सासू म्हणाली. विहीर चैतापासून ठणठणीत कोरडी. दोर नाही, घागर नाही.

नवऱ्याला एवढंच विचारलं, "कोणतं पाणी रं?"

तो कबूल झाला. पुढं शिक्षाही झाली.

तिच्या मातीला तोच भाऊ सगळ्यात मोठ्यानं रडत होता.

मार ओळखायला शाळा लागत नाही. नवरा बायकोच्या वतीनं बोलायला लागला की समजावं. पण ओळखून काय केलं आम्ही? माझी बायको आजारानं गेली. तिच्यासाठी लेक, जावई, शेजारी सगळे दवाखान्यात धावले. त्या बाईला वाचवायला एक खोली पुरली असती. ती कुणाच्याच घरात निघाली नाही.