दुपारची गायिका

जॅझ गाणाऱ्या स्त्रिया नव्या श्रोत्याला कोणत्या क्रमाने ऐकवाव्यात, याविषयी माझी मते ठाम होती. तो नवा श्रोता म्हणजे पक्षाघाताने वाचा गेलेली माझी पत्नी असेल, हे मात्र कधी मनात आले नव्हते.

संसारभर तिने या गाण्यांचा तिटकारा केला. मुलुंडच्या आमच्या घरात मी रेकॉर्ड लावली की ती स्वयंपाकघरातून म्हणे, "अहो, तुमच्या त्या बायका पुन्हा रडायला बसल्या का? दार तरी लावा!"

वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, "गाणी ऐकवा, काका. गुणगुणता आलं तर बोलणंही येईल. पण वेळ दवडू नका." मी तिचे आवडते भावगीत लावले. पाठ असलेले शब्द ओठांवर येईनात, तशी ती उशीवर डोके आपटू लागली. मग ज्यांचे शब्द तिने कधी पाठच केले नव्हते, त्या माझ्या गाण्यांकडे वळलो.

पहिली निवडली, अख्ख्या वाद्यवृंदाला न जुमानणारी, दणदणीत आवाजाची. पत्नीने तोंड फिरवले. दुसरी ठेक्यामागे रेंगाळत गाणारी. ती ऐकता ऐकता पत्नीला झोप लागली. तिसरी मध्येच शब्द टाकून निरर्थक अक्षरांवर ताना घेणारी. पत्नीचा डावा अंगठा चादरीवर हलू लागला.

हे घडले दुपारी. सकाळी तिला औषधांची गुंगी, संध्याकाळी थकवा. तिचे कान अधू, म्हणून आवाज मोठा लागे. आणि दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत आमच्या सोसायटीत संगीतास मनाई! खालच्या मुलांच्या ढोल-ताशाच्या सरावाविरुद्ध कलमवार पत्रे लिहून तो ठराव मीच मंजूर करवून घेतला होता.

सचिवाकडे सवलत मागितली.

"काका, अपवाद नको हे तुम्हीच लिहून घेतलंत ना? आता ढोलवाले मला सोडतील? हेडफोन लावा की."

"ती ओरबाडून काढते रे!"

"मग संध्याकाळी लावा."

"आजारपणाला तुझं वेळापत्रक कळत नाही!"

"वेळापत्रक तुमचं आहे, काका."

संतापाने मी सहकार खात्याच्या उपनिबंधकांना उद्देशून अर्ज लिहायला घेतला. प्रत्येक मुद्द्याचे खंडन मीच पूर्वी करून ठेवले होते, आणि तेही बिनतोड. शिवाय सुनावणीला महिने लागणार. तेवढे महिने तिच्यापाशी आहेत, असे कोणीच म्हणत नव्हते. कागद टराटरा फाडला.

दुसऱ्या दुपारी खिडक्या लावून ती तिसरी गायिका लावली. दाराची घंटी वाजली. मी उठलो नाही. तान सुरू होताच पत्नीने तोंड उघडले. घशातून खरखर आली, सूर नव्हे.

"काका, दार उघडा! खाली ढोल बाहेर काढलेत!" सचिव बाहेरून ओरडला.

तान संपली. ती माझ्याकडे बघत होती, तोंड तसेच उघडे. दारावर थापा पडत होत्या. मी सुई उचलून पुन्हा तानेच्या आधी ठेवली.